दुसऱ्याच्या पिशवीतलं पाणी

परवा जेवणाच्या सुट्टीत मोबाइल वाजला. मार्थाबाईंचा संदेश होता. दरवर्षीसारखाच एका दमात लिहिलेला, कुठेही पूर्णविराम नाही. 'शनिवारी पहाटे साडेपाच चर्चच्या फाटकाशी जमावे टोपी आणावी डबा आणावा पाणी आणावे स्वतःचे पाणी स्वतःजवळ ठेवू नये सलाम.' शेजारी बसून जेवणाऱ्या सहकाऱ्यानं माझ्या खांद्यावरून तो वाचला आणि घास हातातच धरून विचारलं, "साहेब, पाणी आणायचं आणि जवळ ठेवायचं नाही, हा काय प्रकार?" मी म्हटलं, "मोठी गोष्ट आहे." तेवढ्यात भोंगा झाला. ती गोष्ट तिथे राहून गेली, म्हणून इथे सांगतो.

आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ येतो तोच मुळी अडचणीच्या दिवसांत. नाशिकमध्ये फाल्गुनात तोंडावर ताबा ठेवायचा म्हणजे चेष्टा नाही. चौकाचौकात द्राक्षांच्या हातगाड्या लागलेल्या असतात, घरोघरी कोणीतरी बागेतून पेटी आणून दिलेली असते, आणि जाता-येता 'घ्या की, दोन मणी घ्या' असा आग्रह चालू असतो. आम्ही चाळीस दिवस मटण-मासळी सोडतो. द्राक्षं सोडायचा विचार एकदा पाळकसाहेबांनी बोलून दाखवला होता, पण मंडळीत अशी शांतता पसरली की त्यांनी विषय बदलला. पहाटे स्वेटर लागतो आणि अकराला डोकं तापतं. टेकड्यांवरचं गवत पिवळं पडून कुठे कुठे जळून काळं झालेलं, त्यात मधूनच एखादा पळस फुललेला. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरतात आणि त्यांचा वास सकाळच्या गारव्यात खाली रस्त्यापर्यंत येतो. अंबडच्या कारखान्यातून घरी येताना गाडीच्या काचेतून लांबवर डोंगरांची ओळ दिसली, की मला पायांना खाज सुटल्यासारखं होतं.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी कारखान्यात तपासनीस आहे. टूलरूममधून आलेला प्रत्येक भाग मोजायचा आणि केसभराचासुद्धा फरक निघाला तर परत पाठवायचा, हे काम मी सत्तावीस वर्षं करतो आहे. हा स्वभाव गणवेशाबरोबर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. भाकरी एका बाजूला जाड झाली आहे असं मी बायकोला एकदाच म्हणालो होतो. त्यानंतर आठवडाभर मीच भाकऱ्या थापल्या. चर्चमध्ये उपदेश किती मिनिटं चालला, प्रार्थना किती, गीताचं कुठलं कडवं वगळलं, हे मला घरी येईपर्यंत पाठ असतं. आणि डोंगर चढायला लागलो की मी घड्याळ बघतो.

डोंगरावर जायची कल्पना पाळकसाहेबांची. उपवासकाळातल्या शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये प्रार्थनासभा व्हायची, आणि पंख्याखाली डोळे मिटले की निम्मी मंडळी खरोखरच झोपायची. एका शनिवारी ते म्हणाले, "प्रभू प्रार्थनेला डोंगरावर जायचे. आपल्या आजूबाजूला इतके डोंगर आहेत आणि आपण सतरंजीवर बसून घोरतो." पुढच्या शनिवारी आम्ही बारा जण अंजनेरीला गेलो. बारा हा आकडा ऐकून सगळ्यांना फार आनंद झाला. मग प्रभूच्या बारा शिष्यांतला तो दगा देणारा शेवटचा आमच्यात कोण, यावर जीपमध्ये वाद झाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अंजनेरीच्या पठारावर आम्ही चादर पसरली. चपात्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, कोणाच्या तरी घरचा रव्याचा केक, मधोमध द्राक्षांचा ढीग. जेवणावर आशीर्वाद मागायला पाळकसाहेबांनी हात उचलले आणि सगळ्यांनी डोळे मिटले. आमच्या पाळकसाहेबांची प्रार्थना जगाच्या उत्पत्तीपासून सुरू होते, त्यामुळे भाजीपर्यंत यायला वेळ लागतो. 'आमेन' म्हणून डोळे उघडले तर चादरीवर द्राक्षांचे फक्त देठ. कातळावर एक दांडगं माकड मार्थाबाईंचा डबा मांडीत घेऊन बसलं होतं, आणि बाकीची टोळी केकचा फडशा पाडत होती. मार्थाबाई म्हणाल्या, "डब्याचं झाकण वाजलेलं मला ऐकू आलं होतं. वाटलं, आपल्यातल्याच कोणाला धीर धरवत नाहीये. म्हणून मी मनातल्या मनात त्याच्यासाठी प्रार्थना करत होते."

तेव्हापासून डोंगरावर सगळे डोळे मिटतात आणि एक जण उघडे ठेवून बसतो. ते काम माझ्याकडे आलं. "एरवीही तू उघडेच ठेवतोस," मार्थाबाई म्हणाल्या.

मार्थाबाई निवृत्त मेट्रन. तेव्हा त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या. पांढरी सुती साडी, पायात पोरासोरांचे असतात तसले हिरवे-नारिंगी बूट, आणि आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा रुग्ण गोळी गिळून मोकळा. त्या अंजनेरीच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी वर पोहोचलो होतो. एक तास दोन मिनिटं. झाडाखाली बसून मी घाम पुसला, पुन्हा घड्याळ पाहिलं आणि खूश झालो. आणखी पाऊण तासानं दोन म्हाताऱ्यांना हाताशी धरून मार्थाबाई आल्या. बसल्या, दम खाल्ला, आणि मला विचारलं, "प्रभाकर, वर कोण होतं?"

"कोणी नव्हतं, बाई."

"मग एवढ्या घाईनं कोणाला भेटायला गेला होतास?"

मी शर्टाची बाही घड्याळावर ओढली. 

पुढच्या शनिवारी त्या एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. आत सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या. दोन दोन चिठ्ठ्या काढून त्यांनी जोड्या लावल्या आणि नियम सांगितला. पायथ्याशी जोडीनं आपापली पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा एकमेकांना द्यायचा. माझं पाणी तुझ्या पिशवीत, तुझं माझ्या. तहान लागली तर जोडीदाराला गाठायचं. पुढे पळालास तर तहानलेला राहशील, मागे रेंगाळलास तर तोही राहील. "प्रभूनं शिष्यांना दोघा-दोघांनी पाठवलं होतं ना? मग हे आपलं तसंच," त्या म्हणाल्या. माझ्या वाट्याला त्या दिवशी ऐंशी किलोचे एक निवृत्त मुख्याध्यापक आले. दर वीस पावलांवर थांबून ते मला एकेका झाडाचं नाव विचारत आणि मी सांगितलेलं नाव दुरुस्त करत. रामशेजसारखा छोटा गड चढायला आम्हाला दोन तास लागले. उतरताना मला अकरा झाडं ओळखता येत होती.

रामशेजवरची दुपार डोळ्यांपुढून जात नाही. वरच्या गुहेत रामाचं मंदिर आहे. तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यांनी आमच्याकडची झांज पाहिली आणि विचारलं, "कुठलं भजनी मंडळ म्हणायचं?"

"चर्चचं, बाबा," पाळकसाहेब जरा चाचरतच म्हणाले.

"आसू द्या की. सावलीला बसा अन् म्हना येखादं."

आमची निम्मी गीतं भजनाच्याच चालींवर आहेत. मुख्याध्यापकांनी सूर लावला, मार्थाबाईंनी झांज घेतली आणि गुहेत आवाज असा घुमला की चर्चमध्ये इतक्या वर्षांत कधी घुमला नव्हता. बाबा मांडीवर ताल धरून बसले होते. संपल्यावर त्यांनी सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "चाल तर लय वळखीची हाय," ते म्हणाले. खाली द्राक्षबागांचे हिरवे चौकोन पसरले होते, त्यांच्या पलीकडे शहर धुरकट दिसत होतं. प्रार्थनेत माझे डोळे उघडे होते, त्यामुळे ते सगळं मला बघायला मिळालं. डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्यांना देव दिसत असेल. मला त्या वर्षी बाकीची माणसं दिसायला लागली. मिटल्या डोळ्यांची, घामेजलेली, ओठ पुटपुटणारी. मुख्याध्यापकांच्या गालावरून एक थेंब खाली येत होता, आणि तो घामाचा नव्हता.

आता शांतवनबद्दल सांगायला हवं. तो माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. वायरमन आहे, सिडकोत राहतो. त्या उपवासकाळाच्या तीन वर्षं आधी तो आमची मंडळी सोडून एका नव्या प्रार्थनागृहात जायला लागला. फरशीच्या दुकानावरचा हॉल, ड्रम, कीबोर्ड, टाळ्या. तिथवर माझी काही हरकत नव्हती. पण त्यानं गंगापूर धरणाच्या पाण्यात बुडीचा बाप्तिस्मा घेतला. आमच्याकडे बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की त्याला पांढरं झबलं घालून चर्चमध्ये आणतात, पाळकसाहेब ओंजळीतल्या पाण्याचा शिंतोडा त्याच्या डोक्यावर देतात, बाळ भोकाड पसरतं आणि आजी म्हणते, आवाज चांगला आहे, गायनमंडळात जाईल. शांतवनच्या नव्या मंडळीचं म्हणणं असं, की माणसानं मोठं होऊन, समजून-उमजून, पाण्यात पूर्ण बुडलं तरच तो बाप्तिस्मा. या वादावर आमच्या समाजात किती जेवणावळी बिघडल्या असतील, याची मोजदाद नाही. बाहेरच्या माणसाला हसू येईल. पण घरात घडतं तेव्हा येत नाही.

आमच्या बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते तीस वर्षं मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पंच, होते; आम्हा दोघांना वेदीपाशी त्यांनीच उचलून नेलं होतं. रविवारच्या जेवणाला सगळे बसलो असताना शांतवन म्हणाला, "दादा, आपला लहानपणचा तो खरा नव्हता. नुसता शिंतोडा." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. नवा मोबाइल घेतलेला माणूस दुसऱ्याला जुना टाकून दे म्हणतो, त्या उत्साहात तो बोलला. मला मात्र ऐकू आलं की आमचा बाप खोटं पाणी डोक्यावर घेऊन मातीत गेला. मी म्हणालो, "मग या घरचं पाणीही खोटंच. पिऊ नकोस." त्याच्या हातात पेला होता. त्यानं तो खाली ठेवला, उठला आणि गेला. आईनं तो अर्धा पेला उचलून मागच्या दारच्या अबोलीत ओतला आणि जेवण पुढे चालू झालं.

त्यानंतर तीन वर्षं तो घरी आला नाही. आई दर गुरुवारी बसनं त्याच्याकडे जायची, जाताना डबा न्यायची. मला तिनं कधी काही विचारलं नाही, मध्यस्थी केली नाही, डोळ्यांतून पाणी काढलं नाही. फक्त रविवारी भाताला एक मूठ तांदूळ जास्त घालायची. सोमवारी माझ्या डब्यात फोडणीचा भात असायचा. तीन वर्षं मी तो भात खात होतो आणि तो दर रविवारी का उरतो, हे विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. मोजून मापून वागणाऱ्या माणसानं मूठभर तांदळाचा हिशेब टाळला. रागापेक्षा लाज जास्त झाली होती, आणि लाज झाकायला मी राग वापरत होतो. आज हे सहज लिहिता येतं.

त्या वर्षीच्या चौथ्या शनिवारी फाटकाशी शांतवन उभा. मार्थाबाईंनी त्याच्या मंडळीतल्या पाच-सहा जणांना बोलावलं होतं. "डोंगराला पाट्या नसतात," एवढंच त्या म्हणाल्या. चौथा शनिवार आणि पाचवा शनिवार आम्ही चर्चच्या रीतीप्रमाणे एकमेकांना 'सलाम' म्हणालो आणि दोन वेगळ्या जीपमध्ये बसलो. तो जाड झाला होता. बाबांसारखा चालताना डावा खांदा पुढे काढायला लागला होता. मी मागून बघत होतो.

सहावा शनिवार धोडपचा. चांदवडकडचा हा गड मोठा, चढ अंगावर येणारा, आणि दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, म्हणजे ऊन अगदी रंगात आलेलं. पायथ्याच्या हट्टी नावाच्या गावात जीप थांबल्या. एक बाई डोक्यावर हंडा घेऊन उभ्या राहिल्या आणि आमची टोळी न्याहाळून म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचं कुढं? देवीचा नवस हाय का?"

"नवस नाही हो, उपास आहे आमचा," मार्थाबाई म्हणाल्या.

हंडेवाल्या बाईंनी आमच्या हातातल्या डब्यांच्या चळती पाहिल्या. "उपासाला एवढाले डबे?" आणि हसत निघून गेल्या. आमच्या उपवासाबद्दल इतकं नेमकं कोणी बोललेलं मला आठवत नाही.

मग चिठ्ठ्या निघाल्या. मार्थाबाईंनी डब्यात हात घातला आणि वाचलं: "प्रभाकर. शांतवन." सगळे एकदम आपापल्या बुटांच्या नाड्या बघायला लागले. मी म्हटलं, "बाई, तो डबा जरा बघू." कारखान्यातली सवय. त्यांनी झाकण लावलं. "चिठ्ठीवर तपासणी नसते," त्या म्हणाल्या.

आम्ही बाटल्या बदलल्या. त्याची निळी प्लास्टिकची मी घेतली, माझी स्टीलची त्यानं घेतली. डबेही बदलले. त्याच्या डब्याला आईच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीचा वास येत होता. माझ्याही डब्यात तीच चटणी होती. चढायला लागलो. शांतवन दर वळणावर थांबायचा, कंबरेवर हात ठेवून दरीकडे बघायचा आणि मोठ्यानं 'हालेलूया' म्हणायचा. समोरच्या कड्यावरून ते परत यायचं. पहिल्यांदा मी दुर्लक्ष केलं. चौथ्यांदा घड्याळ पाहिलं. माचीवर पोहोचलो तेव्हा मार्थाबाई आणि वयस्कर मंडळी झाडाखाली थांबली, तरुण मंडळी केव्हाच पुढे गेली होती. पुढचा चढ कातळातला, सावली नसलेला. तिथं त्यानं पाचव्यांदा 'हालेलूया' म्हटलं आणि मी मागे न बघता सुटलो. पंचवीस मिनिटांत वर. असा वेग मी त्या वर्षी एकदाही लावला नव्हता.

वरच्या गुहेशी तरुण मंडळी गात बसली होती. वारा सुटला होता. धोडपच्या कातळभिंतीतली मोठी खाच तिथून दिसते, आणि तिच्यातून पलीकडचं निळं आकाश. मी बसलो. घशाला कोरड पडली होती, म्हणून सवयीनं पिशवीत हात घातला, आणि हाताला निळी बाटली लागली. भरलेली.  खाली उन्हात, सावली नसलेल्या चढावर, पंचेचाळिशी ओलांडलेला जाड माणूस होता आणि त्याचं पाणी मी पळवून आणलं होतं. मार्थाबाईंचा नियम माणसांना बांधून ठेवायला होता. त्याच नियमाचं मी हे करून ठेवलं होतं. माझी म्हातारी आई गुरुवारी कोणाकडे जाईल, असा विचार माझ्या मनात आला. मी तो झटकून टाकला आणि उतरायला लागलो.

कातळातल्या पायऱ्या मी कशा उतरलो ते ठाऊक नाही. घड्याळ पाहिलं नाही. एका वळणावर कड्याची हातभर सावली होती, तिच्यात तो पाय पसरून बसला होता. चेहरा लाल, ओठ पांढरे, टोपी बाजूला. आणि मांडीवर माझी स्टीलची बाटली. मी ती उचलली. जड होती. बूचही हललेलं नव्हतं.

"अरे, हातात पाणी आहे आणि प्यायला नाहीस?"

"कुठलं पाणी?" जीभ कोरडी पडल्यामुळे त्याचा आवाज घोगरा झाला होता.

"हे काय, हे!"

"ते तुझ्या घरचं आहे."

"मग?"

"तूच म्हणाला होतास."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. लहानपणी मी 'माझी सायकल घ्यायची नाही' म्हणायचो, तेव्हा तो सायकलशेजारी तासभर उभा राहायचा, हात न लावता. तसाच बसला होता. तो चेष्टा करतोय की खरं बोलतोय मला कळेना, आणि बहुधा त्यालाही ते नक्की ठाऊक नव्हतं. त्याच्या मंडळीचं चुकलं होतं की माझं, बाबांच्या पाण्याचं काय, यावर मी तीन वर्षं मनात उत्तरं तयार करत होतो. वचनांसकट. मुद्द्यांसकट. त्यातलं एकही आठवलं नाही. 

मी त्याच्यासमोर खाली बसलो. "चुकलो रे मी," मी म्हणालो. "त्या दिवशी पाण्याचं बोललो ते फार वाईट बोललो. पी."

"नक्की?"

"पी, शांत्या. गाढवा, पी आधी."

तो प्यायला. घटाघटा नाही; मार्थाबाईंनी शिकवल्यासारखा आधी एक घोट, मग दोन, मग मात्र मान वर करून सगळं. मग मी त्याची निळी बाटली उघडून दिली. तीही अर्धी संपवली. उन्हाचा तडाखा बसलेल्या माणसाचं डोकं भिजवायचं असतं, म्हणून उरलेलं पाणी मी हळूहळू त्याच्या डोक्यावर ओतलं. त्यानं डोळे मिटले. पाणी केसांतून, कानांवरून, गळ्यात घातलेल्या रुमालावर उतरलं. बाबांची हीच टाळू, हेच विरळ केस. बाटली संपली तेव्हा त्यानं एक डोळा उघडला.

"दादा, हे शिंतोड्यात धरायचं का बुडीत?"

मी हसलो. हसता हसता मला रडू आलं, आणि तो तर कड्याला पाठ टेकून असा हसत होता की त्याची टोपी घरंगळत खाली गेली. ती आणायला मीच उतरलो. वर येऊन टोपी त्याच्या ओल्या डोक्यावर घातली तेव्हा तो म्हणाला, "सगळं मीच प्यायलो की. तुला काय?" माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तशाच कोरड्या घशानं मी त्याच्याबरोबर वरपर्यंत चढलो, दर वळणावर थांबत. वर जाऊन टाक्याचं पाणी प्यायलो. पाण्याला शेवाळाची चव होती. इतकं गोड पाणी मी त्याआधी प्यायलो नव्हतो आणि नंतरही नाही.

आजही आमचं पटलेलं नाही, हे सांगायला हवं, नाहीतर कोणी समजेल की डोंगरावर गेलं की प्रश्न सुटतात. तो त्याच्या म्हणण्यावर ठाम आहे, मी माझ्या. दर उपवासकाळात पायथ्यापासून माथ्यापर्यंत आम्ही तोच वाद घालतो, आणि मार्थाबाई म्हणतात की या दोघांच्या जोडीमागे चाललं की करमणूक होते. आता त्यांचे गुडघे दुखतात, त्या माचीपर्यंतच येतात. चिठ्ठ्यांचा डबा अजून त्यांच्याचकडे आहे. पूर्वी मला वाटायचं की श्रद्धा म्हणजे नेमकेपणा. ज्याचं माप बरोबर त्याचा देव बरोबर. आता वाटतं की मापं बरोबर असावीत, पण आधी शेजारचा माणूस हाकेच्या अंतरावर असावा. एवढं समजायला मला दमलेला भाऊ लागला. हुशार माणसांना कदाचित उपदेशातूनही समजत असेल.

त्या धोडपच्या दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. आम्ही शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन वसाहतीतून गात फेरी काढली, उपासना झाली, घरी आलो. त्याच्या हॉलमधली उपासना दीड वाजता सुटते. पावणेदोनला फाटक वाजलं. आई दाराशीच खुर्चीत बसली होती. कालचं तिला मी काही सांगितलं नव्हतं. मार्थाबाईंनी सांगितलं असेल तर ठाऊक नाही. शांतवन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. नाकाची साल निघालेली, हातात द्राक्षांची पिशवी. आईनं त्याला डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता ती रडणार.

"पाय धुऊन ये आधी," ती म्हणाली.

तो घरातून सरळ मागच्या दारी गेला. कुठे जायचं हे त्याला विचारावं लागलं नाही. नळ सुटल्याचा आवाज आला, बादलीचा आला, मग त्याचं गुणगुणणं ऐकू आलं. माझी बायको पानं घेत होती. मी पाट मांडत होतो. नळ वाहत राहिला. गुणगुणणंही वाहत राहिलं. आणि एकाएकी आई खुर्चीतून उठली, कंबरेवर हात ठेवून मागच्या दाराकडे तोंड केलं आणि शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं ओरडली, "शांतवन! नळ बंद कर, पाणी वाया जातंय!"

तीन वर्षांत तिनं ते नाव आमच्या घरात मोठ्यानं घेतलं नव्हतं.